हरलेल्यांचं मडकं

आधीच सांगून टाकते, मी देवदर्शनाला गेले नव्हते आणि समुद्र बघायला तर मुळीच नाही. रायगड जिल्ह्यात चार दिवस राहून समुद्र न बघता परत आलेली बाई म्हणून माझ्या नणंदेनं मला सगळ्या भावकीत प्रसिद्ध करून ठेवलंय. करू दे. मी गेले होते मॅच बघायला. खरं सांगायचं तर मॅचसुद्धा नाही, मॅच बघणारी माणसं बघायला.

मी कोल्हापुरात एका कॉलेजात खेळ शिकवते. आमच्याकडं फुटबॉल म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळत नाही. पोरगं चालायला लागतं तेच लाथ मारत. सामन्याच्या दिवशी हलगी कडाडते, एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो, आणि तोवर सगळी मजाच असते. गेल्या साली आमच्याच मैदानावर फायनलला ती मजा संपली. शेवटची शिट्टी वाजली, एका बाजूची पोरं नाचायला लागली, दुसऱ्या बाजूनं बाटली आली, मग खुर्ची, मग दगड. एका खेळाडूची आई लेकासाठी डबा घेऊन आली होती. तिच्या कपाळाला सहा टाके पडले. दवाखान्यात मी तिच्याशेजारी बसून होते, आणि ती बाई मलाच समजावत होती, "जाऊ दे मॅडम, पोरंच ती." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संस्थेच्या चेअरमनसाहेबांनी फर्मान काढलं, यापुढं सामने बंद गेटात, प्रेक्षक नकोत. मी भांडले. माणसांशिवाय फुटबॉल म्हणजे काय, दोन डझन पोरांचा व्यायाम! आठवडाभर रोज त्यांच्या केबिनबाहेर उभी राहिले तेव्हा कुठं एक मॅच पदरात पडली. "एकच मॅच उघड्या गेटानं होईल," साहेब म्हणाले, "त्यात एक जरी दगड उडाला, तर गेट कायमचं बंद. मग माझ्याकडं यायचं नाही." हो म्हणून तर आले, पण काय करायचं ते ठाऊक कुणाला होतं?

अशात वैशालीचा फोन आला. वैशाली माझी जुनी विद्यार्थिनी. लग्न होऊन पेणजवळच्या एका गावात गेली, आणि आता पेणच्या कॉलेजात माझ्यासारखीच शिट्टी फुंकते. माझं रडगाणं ऐकून म्हणाली, "मॅडम, रविवारी आमची रोह्याच्या कॉलेजाशी कबड्डीची मॅच आहे. इथं कबड्डीपायी सख्खे साडू वर्ष वर्ष बोलत नाहीत. पण मैदानात आजवर मारामारी नाही. या, बघा." मी म्हटलं, करता काय तुम्ही? तर म्हणाली, "ते सांगणार नाही. सांगितलं तर तुम्ही वहीत लिहून घ्याल आणि यायच्या नाहीत."

वही मात्र मी घेतलीच.

पेण, शुक्रवार

प्रवासाचं काही सांगत नाही. एसटी ती एसटीच. खोपोलीचा घाट उतरून खाली आलं की हवा बदलते आणि अंगाला चिकटायला लागते, एवढंच.

पेणच्या स्टँडवर वैशाली स्कूटर घेऊन हजर होती. भर स्टँडवर वाकून नमस्कार केला आणि सरळ पोह्याच्या दुकानात घेऊन गेली. पेणचे पोहे म्हणजे पापुद्र्यासारखे पातळ, आणि सोबत उडदाचा भाजलेला पापड. तोंडात टाकला की विरघळला. मी चार खाल्ले. पिशवीत घरची कांदा-लसूण चटणी होतीच, ती पोह्यांवर भुरभुरली, तर दुकानदार म्हणाला, "बाई, आमचे पोहे वाईट लागले काय?" मला इतकं ओशाळल्यासारखं झालं की पाचवा पापड मी नुसता खाल्ला.

वैशालीचं घर हमरापूरच्या बाजूला. घरी सासूबाई, नवरा आणि अंगणभर गणपती. खरंच सांगते, अंगणभर! त्या भागात घरोघरी मूर्ती करतात. पांढऱ्याशुभ्र, बिनरंगाच्या मूर्तींची रांगच रांग, आणि मधून वाट काढत आपण आत जायचं. माझी बॅग एका सोंडेला लागता लागता राहिली, तशी मी ती उचलून छातीशीच धरली. सासूबाई जागच्या हलल्यासुद्धा नाहीत. "बस गो बाय," म्हणाल्या, "दमली असशील. मोडला तं दुसरा करू, तू बस."

जेवायला तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि सुकटीची चटणी. आमच्याकडं भात शेवटी येतो, तोही ताटातली जागा भरायला. इथं भातानंच सुरुवात आणि भातानंच शेवट. वालाला एक कडवटपणा असतो, पहिल्या घासाला नको वाटतो आणि तिसऱ्या घासाला हात आवरत नाही. सासूबाईंनी माझी चटणी चाखून पाहिली. डोळ्यांतून पाणी आलं. "असा खाता म्हून मारामाऱ्या करता," त्यांनी निकाल दिला.

म्हणजे सुनेनं सगळं सांगून ठेवलं होतं.

शनिवार, वालाच्या शेतात

सकाळी वही उघडली. मी रकाने आखूनच नेले होते: पोलीस बंदोबस्त, गेट, बॅरिकेड, कुणाची पोरं कुठं बसणार. वैशालीचा नवरा संदेश डोलवीच्या कंपनीत कामाला. नाइट शिफ्ट करून नुकताच आला होता आणि चहात बटर बुडवत होता. त्याच्यासमोरच बसले.

"मॅचला पोलीस किती असतात?"

"एक येतो."

"एकच? एकटा काय करतो?"

"मॅच बगतो."

"बॅरिकेड कुठं कुठं लावता?"

"कशाला? दोरी बांधतो. आत ढोरां येतात ना."

"आणि तुमची माणसं एका बाजूला, त्यांची दुसऱ्या, असं बसवता की कसं?"

"जागा भेटंल तिथं बसतात, मॅडम. बायका पुढं. नायतर बायका बसू देतील काय?"

रकाने रिकामेच राहिले. मला रागच आला. म्हटलं, ही माणसं एक तर लपवतायत, नाहीतर माझी गंमत करतायत. संदेश स्वतः कॉलेजात असताना खेळलेला, अजून गावच्या संघात खेळतो. त्याचा बाणा असा की रोह्याचं नाव काढलं तरी बशी आपटतो. "गेल्या साली हरलो आम्ही. या साली नाय हरनार. शिफ्ट बदलून घेतलीय मी, गंमत नाय." असल्या गड्याला मी कोल्हापुरात पुरती ओळखते. पहिली खुर्ची हाच फेकतो.

सासूबाई तेव्हा शेडमध्ये मूर्तीचे डोळे रंगवत होत्या. याला तिकडं आखणी म्हणतात, आणि ती सगळ्यांना जमत नाही. एका मूर्तीचे डोळे होईस्तोवर त्या श्वाससुद्धा जपून घेत होत्या. डोळे झाल्यावर ब्रश धुताना मला म्हणाल्या, "तुमच्याकडं मारामारी कशापायी व्हते?"

"बॉलपायी."

"बॉल फुटतो काय?"

मी वही मिटली.

दुपारी त्या मला शेतात घेऊन गेल्या. भात कापून झालेल्या खाचरात नुसत्या ओलीवर वाल येतो. पाणी नाही, काही नाही, आणि शेंगा लगडलेल्या. दोन तास वाकून आम्ही दोन पोती शेंगा तोडल्या. बांधावरनं एक उग्र वासाचा पाला पण त्यांनी भाराभर कापला. भांबुर्डा म्हणतात त्याला. वास असा की डोकं उठावं. "उद्याला लागल," म्हणाल्या. मला वाटलं, रोह्याला कुणी नातेवाईक असतील, त्यांना भेट. कंबर धरून घरी आले आणि आठ वाजता झोपले. इतकी शांत झोप मला गेल्या फायनलपासून लागली नव्हती.

रोहा, रविवार

टेम्पोतनं गेलो. संदेश, त्याचे मित्र, बायका, दोन पोती शेंगा, भांबुर्ड्याचा भारा आणि मी. रोह्याच्या कॉलेजच्या मैदानावर पाचच्या सुमाराला पोचलो तर माणसांनी मैदान फुललेलं. कुंडलिकेवरनं वारा येत होता. पाणी मारून दाबलेली तांबडी माती, त्यावर चुन्याच्या रेघा. गुलाल नाही, फटाके नाहीत. बायका खरंच सगळ्यात पुढं, चटया टाकून, लेकरं मांडीवर घेऊन. आमच्या मैदानावर बाई दिसली की पोरं वळून वळून बघतात. इथं बाया पोरांना ओरडत होत्या, "डोकं खाली कर रे, दिसत नाय!"

माइकवर रोह्याचे एक गृहस्थ होते, सगळे त्यांना भाऊ म्हणत. वय सत्तरीचं, डोक्याला मफलर, आणि जिभेला हाड नाही. नारळ फुटला तशी यांची गाडी सुटली. "पेणकर आलेत. संभाळून धरा रे पोरांनो, पापड हायत, मोडतील!" आमच्या टेम्पोतनं आलेल्या बायका चटईवरनं ओरडल्या, "तळल्याबिगर कळायचा नाय पापड!" सगळं मैदान हसलं. मीही हसले, पण माझं लक्ष संदेशकडं. तो हसत नव्हता.

मॅच मी सगळी सांगत नाही, मला ती अजून नीट आठवतसुद्धा नाही, इतका जीव टांगणीला लागला होता. गुण सारखे सारखे चाललेले. शेवटच्या चढाईला पेणचं पोरगं गेलं, एकाला शिवलं आणि मागं झेपावलं. रोह्याच्या चौघांनी त्याला वरनं दाबलं. त्याची बोटं मधल्या रेघेला टेकली की नाही? पेणकर म्हणाले टेकली. पंचांनी हात वर केला, नाही टेकली. पेण एका गुणानं हरलं.

आणि मैदान गप्प झालं. ती शांतता मला पाठ आहे. तिच्यानंतर बाटली येते. संदेश दोरीवरनं उडी मारून पंचांच्या अंगावर गेला. त्याच्यामागनं दहाजण गेले. रोह्याची माणसं उठली, पण ती पुढं आलीच नाहीत. ती वळून मैदानामागच्या झाडांकडं निघाली, आणि एका मिनिटात परत आली, हातात ही एवढाली लाकडं घेऊन. पाठोपाठ आमच्याही टेम्पोतली माणसं तिकडं पळाली आणि लाकडं घेऊन आली.

मी विचार केला नाही. पर्समधली शिट्टी तोंडात घातली, साडी खोचली आणि मधोमध जाऊन दोन्ही हात पसरून उभी राहिले. शिट्टी अशी फुंकली की कानठळ्या बसाव्यात. "खबरदार!" मी ओरडले. "एकानं पुढं पाऊल टाकलं तर माझ्याशी गाठ आहे! टाका ती लाकडं खाली!"

सगळे थांबले. माइकवाले भाऊच पुढं आले. त्यांच्याही काखेत जळण होतं. माझ्याकडं बघत, अगदी अदबीनं म्हणाले, "बाय, लाकडां टाकली तं पोपटी कशाव भाजू?"

आधी बायका हसल्या. मग सगळे. पंचसुद्धा हसले, आणि त्यांची कॉलर धरलेला संदेशसुद्धा हात सोडून माझ्याकडं बघत राहिला. वैशाली तोंडाला पदर लावून खाली बसली होती. मला धरणी दुभंगली तर बरं असं झालं. पण खरं सांगू? त्याच क्षणी छातीवरचं ओझं सरकन उतरलं. लाकडं जाळासाठी होती! मी मातीतच फतकल मारून बसले आणि वेड्यासारखी हसत सुटले.

पोपटी म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला पाहिजे, मलाही ठाऊक नव्हतं. मोठं मडकं घ्यायचं, तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, जाडं मीठ, ओवा, मधे अंडी, बटाटे, मसाला लावलेली कोंबडी. वर परत पाला कोंबून तोंड गच्च बंद करायचं. पाण्याचा थेंब घालायचा नाही. मडकं जमिनीवर पालथं घालून भोवतीनं लाकडं आणि पेंढा पेटवायचा. मडकी रोह्याची, शेंगा पेणच्या, असा तिथला रिवाज. अर्धा तास लागतो.

त्या अर्ध्या तासातच सगळी गोम होती. आमच्याकडं शिट्टी वाजली की आम्ही पोरांना ढकलून गेटाबाहेर काढतो, डोक्यात राख घातलेली तशीच. इथं कुणी जाऊच शकत नव्हतं, कारण जेवण व्हायचं होतं. भांडण संपलं नव्हतं, बरं का! जाळाच्या उजेडात चालूच होतं. संदेशनं काटकीनं मातीत रेघ ओढली, पेणच्या पोराला आडवं पाडलं आणि बोटं कुठं होती ते दाखवलं. रोह्याचे चौघे परत त्याच्या अंगावर पडले. पंचांना ओढून आणलं. पंच गुडघ्यावर बसून बघत म्हणाले, "असा पडला असता तं दिला असता मी. पन तो असा पडला." आणि स्वतः पडून दाखवलं. आडवे झालेले पंच मी आयुष्यात पहिल्यांदा बघितले.

भाऊंनी पहिल्या मडक्यावर पाणी शिंपडलं. चर्र झालं. "झाली," म्हणाले, आणि बाजूला झाले. कुणी पुढं होईना. मी वैशालीला विचारलं, आता काय? ती हळूच म्हणाली, "हरलेल्यांनी उघडायचं असतं, मॅडम. त्यांच्याशिवाय मडक्याला कुणी हात लावायचा नाही. ते उघडतील तेव्हा सगळ्यांनी खायचं."

"आणि नाहीच उघडलं तर?"

"मग सगळे उपाशी."

पेणच्या बाजूनं उघडायचा मान यंदा संदेशकडं होता. तो पाठ करून बसला. दोन मिनिटं, पाच मिनिटं. दीड-दोनशे माणसं, वास असा सुटलेला की पोटात कावळे कोकलतायत, आणि सगळे त्या एका रुसलेल्या गड्याच्या तोंडाकडं बघतायत. जिंकलेले तर अगदी मांजरासारखे गरीब झाले होते. भाऊ म्हणाले, "संदेशदादा, चुकला आमचा पंच. बास? उघड." तरी हलेना. शेवटी सासूबाई चटईवरनं बोलल्या, "उघड रे बाबा. रोह्याला दिलेल्या आपल्या पोरी बी उपाशी हायत."

संदेश उठला. दोन काठ्यांनी मडकं सरळ केलं, भांबुर्ड्याचं बूच उपसलं आणि गोणपाटावर पालथं केलं. वाफेचा लोट उठला, आणि मग बाकीची मडकीही उघडली. पहिली शेंग त्यानं सोलली, पंचाच्या हातावर ठेवली आणि म्हणाला, "खा. डोळ्यांना बरी असते."

त्या शेंगांची चव मी काय सांगू! धुराची, ओव्याची, त्या उग्र पाल्याची, आणि वालाचा कडवटपणा कुठल्या कुठं गेलेला. मी खात होते आणि माझ्या डोळ्यांतनं पाणी येत होतं. भाऊंना वाटलं धुरानं. वर्षभर मी गेटं, कुलपं आणि पोलीस मोजत बसले होते. हरलेल्या पोरांच्या हातात काहीतरी ठेवावं, हे माझ्या टाळक्यात एकदाही आलं नव्हतं.

कोलाड, सोमवार

परतीची गाडी कोलाडहून पकडली. हायवेच्या खानावळीत वडापाव खाताना वहीत एकच ओळ लिहिली, "अर्धा तास. उघडायचं हरलेल्यांनी." एवढ्यासाठी वही नेली होती म्हणायची.

आणि घरी

आमच्याकडं वाल नाही. भांबुर्डा बांधाला असेलही, पण फुटबॉलच्या पोरांना शेंगा सोलायला बसवणं माझ्या बापाला जमलं नसतं. आमच्याकडं मिसळ. मैदानाच्या कोपऱ्यात चुलीवर मोठं पातेलं चढवलं. झाकणावर ओल्या कणकेची पट्टी लावून बंद केलं. गेट उघडं. माणूस मावेना एवढी गर्दी. चेअरमनसाहेब व्हरांड्यात हाताची घडी घालून उभे.

आम्ही जिंकलो. एका गोलनं, तोही ऑफसाइड होता की काय, असा. तीच शांतता पसरली. मी माइक घेतला आणि सांगितलं की पातेलं आता हरलेल्या संघानं उघडायचं. समोरच्या कॉलेजचा कॅप्टन लालबुंद होऊन माझ्यावरच आला. "म्हणजे हरलोय आम्ही, आणि वर वाढपी पण आम्हीच?"

रोह्याला जो मान होता, तो इथं अपमान झाला होता. त्याच्यामागं पोरं जमायला लागली. मी म्हटलं, "बाळा, वाढायचं नाही. फक्त उघडायचं. तुझ्याशिवाय त्याला कुणी हात लावणार नाही. तू नाही म्हणालास तर आम्ही सगळे उपाशी, मीसुद्धा."

त्यानं पातेल्याकडं बघितलं. जिंकून नाचणाऱ्या आमच्या पोरांकडं बघितलं. त्याच्या तोंडावर हळूहळू हसू पसरलं. "सगळे?"

"सगळे."

"मग राहू देत की उपाशी!" तो ओरडला, आणि पातेल्याशेजारी खुर्ची टाकून पायावर पाय टाकून बसला. त्याच्या पोरांनी जल्लोष केला, जणू तेच जिंकले. हलगी वाजायला लागली, ती त्यांचीच. आमची पोरं आधी चिडली, मग हात जोडायला लागली. "उघड की भावा! सकाळपासनं काय नाही खाल्लं!" तो म्हणे, "ऑफसाइड होता म्हणा!" आमच्या गोलकीपरनं कान पकडून म्हटलं, "होता बाबा, होता!" वीस मिनिटं झाली. एक दगड नाही, एक बाटली नाही. नुसता वास, आणि हसणं, आणि शिव्या, त्यासुद्धा पोटभर प्रेमाच्या.

शेवटी गर्दी बाजूला सारत चेअरमनसाहेब स्वतः आले. त्या पोरासमोर उभे राहिले. मला वाटलं, झालं, आता संपलं सगळं. साहेब म्हणाले, "अरे उघड की रे बाबा. मला शुगर आहे, चक्कर यायला लागली."

पोरगं उठलं, कणीक फोडली आणि झाकण काढलं. पहिली प्लेट साहेबांना दिली. साहेबांनी तिथंच उभ्या उभ्या दोन पाव खाल्ले, नाक पुसलं आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "मॅडम, पुढच्या मॅचला पाव जास्त सांगा."

मी "हो साहेब" म्हणाले आणि पाणी आणायच्या निमित्तानं मागं वळले. पुढची मॅच म्हणाले होते साहेब. नळापाशी जाऊन मी पोटभर रडले.